सोंड्याच्या ल्यूरचं रबर: औषध आत जातं कसं, आणि परत भरता येतं का?

वेलवाला
राम राम मंडळी. बेळगावच्या पश्चिम भागात, उचगावच्या अलीकडं आमची दीड एकर रताळी आहेत. तीन वर्षं झाली, सोंड्या भुंग्यासाठी कामगंध सापळे लावतोय. सापळा म्हणजे काय, प्लास्टिकचं घमेलं, त्यात साबणाचं पाणी, वर तीन काठ्यांचं तिकाटणं आणि मधोमध तारेला ल्यूर, म्हणजे मादीच्या वासाचं औषध भरलेलं रबराचं बूच. पाण्यापासून दोन बोटं वर. सकाळी बघायला गेलं की पाण्यावर भुंगे तरंगत असतात.

दुकानदार म्हणाला महिन्याला बदला, म्हणून बदलतो. काढलेली रबरं टाकायला जीव होत नाही, ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून पडवीत ठेवतो. परवा रात्री जेवून हात धुवायला बाहेर आलो तर डब्याच्या झाकणावर पाच-सहा सोंडे फिरायला लागलेले. मुंगीसारखी चण, मान तांबडी, पाठ निळी-काळी. त्या डब्याचं झाकण एका बाजूनं नीट बसत नाही. त्या फटीशीच सगळी गर्दी.

तेव्हापासून माझ्याच डोक्यात किडा शिरलाय. त्या रबरात औषध घालतात तरी कसं? एक रबर ब्लेडनं उभं कापून बघितलं. एका अंगाला खोलगट वाटी आणि दुसऱ्या अंगाला बुटका दांडा, बस्स. आत कापूस नाही, नळी नाही, नुसतं रबर. इंजेक्शनची सुई टोचून घालत असतील म्हणावं तर भोकही नाही.

आमचा बारा जणांचा गट आहे. सगळ्यांची मिळून दीड-दोनशे जुनी रबरं साठलीत. औषध कुठून तरी आणून तीच परत भरता आली तर दरवर्षीचा खर्च वाचेल की. कुणाला माहिती असेल तर सांगा.

उद्यमबाग_फिटर
रबराचं मला विचारा, किड्याचं नको. तीस वर्षं हायड्रॉलिकची सीलं बदलतोय. नवीन पोरगं कामाला लागलं की त्याची पहिली चूक ठरलेली: ओ-रिंग पेट्रोलमध्ये धुवायला टाकायची आणि चहाला जायचं. परत येऊन बघतंय तर रिंग खाचेत बसत नाही. फुगून मोठी झालेली असते. उन्हात टाकली की संध्याकाळपर्यंत परत आकसते. नायट्रिलचं रबर पेट्रोलला फारशी दाद देत नाही, पण साधं नैसर्गिक रबर म्हणजे स्पंज समजा. तुमचं औषध त्याच वाटेनं आत गेलेलं असणार, सुई नाही न् भोक नाही.

गुरुजी_खानापूर
फिटर साहेबांचं बरोबर आहे, फक्त स्पंज म्हणू नका. स्पंजाला भोकं असतात, रबराला नसतात. पंक्चरवाल्याकडं ‘सोल्युशन’ची ट्यूब असते ना? ते म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रवात विरघळवलेलं कच्चं रबर. कच्च्या रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब सुटे दोरे, द्रव मिळाला की एकमेकांपासून वेगळे होतात आणि विरघळतात. पक्क्या रबरात त्याच दोऱ्यांना गंधकानं जागोजागी गाठी मारलेल्या असतात. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये शोधलेली ती युक्ती. आता तोच द्रव आत शिरला तर दोरे बाजूला सरकतात, पण गाठी सोडत नाहीत. त्यामुळं रबर विरघळत नाही, फुगतं. द्रव उडून गेला की दोरे परत जवळ येतात. द्रवाबरोबर आत गेलेला जड पदार्थ मात्र दोऱ्यांच्या जाळ्यात राहून जातो.

नववीच्या पोरांना मी हे मासे धरायच्या जाळ्यावरून सांगतो. ल्यूरचं मला आजच कळलं.

चंचुपात्र
हा धागा बघून राहवलं नाही. मी काही वर्षं ल्यूर बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, आता टिळकवाडीत शिकवण्या घेते. वेलवाले दादा, तुम्ही कापून बघितलंत हे छान केलंत.

त्या रबराला सेप्टा म्हणतात. मुळात ते किड्यांसाठी नव्हतंच. प्रयोगशाळेत काचेच्या फ्लास्कला लावायचं बूच ते. त्यातून इंजेक्शनची सुई आरपार घालायची, काढली की भोक आपोआप मिटतं. पुढं कीटकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हेच बूच गंध धरून ठेवतं आणि थोडा थोडा सोडतं. स्वस्त, एका मापाचं, कुठंही मिळणारं. मग जगभर तेच रूढ झालं.

भरण्याची पद्धत गुरुजींनी सांगितली तशीच. तुमच्या सोंड्याच्या ल्यूरमध्ये साधारण १ मिलिग्रॅम औषध असतं. साखरेचा एक दाणाही एवढ्याच्या आसपास भरतो. एवढीशी गोष्ट नुसती रबरावर ठेवून चालत नाही, म्हणून ती हेक्झेन ह्या पेट्रोलच्या जातीच्या द्रवात विरघळवतात. समजा १०० सेप्टा भरायच्यात. १०० मिलिग्रॅम औषध १० मिलिलिटर हेक्झेनमध्ये घेतलं, की ०.१ मिलिलिटर द्रवात बरोबर १ मिलिग्रॅम येतं. सेप्टा वाटी वर करून ओळीनं उभ्या करायच्या आणि मायक्रोपिपेटनं प्रत्येक वाटीत तेवढाच द्रव सोडायचा.

मग जे होतं ते बघायला मला कायम आवडायचं. वाटीत इवलंसं चकाकणारं तळं असतं. बघता बघता ते खाली जातं. सांडत नाही, वाफही एवढ्या लवकर होत नाही, ते रबर पितं. वाटीची कड किंचित बाहेर वळते, रंग थोडा गडद होतो. मग पुन्हा थोडं कोरं हेक्झेन वाटीत सोडायचं म्हणजे भिंतीला चिकटलेलं औषधही आत ओढलं जातं. नंतर हवा ओढून घेणाऱ्या कपाटात एक-दोन दिवस ठेवायचं. हेक्झेन उडतं, कड परत सरळ होते. हातात घेतलं तर कोऱ्या आणि भरलेल्या सेप्टामध्ये काही फरक दिसत नाही.

तुम्हाला आत काही सापडलं नाही त्याचं कारण हेच. औषध कुठल्या पोकळीत नव्हतं, रबरातच होतं.

निपाणीची_सून
हेक्झेन म्हणजे सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लँटमध्ये तेल काढायला वापरतात तेच का?

चंचुपात्र
तेच. तिथं ते तेल बाहेर काढतं, इथं गंध आत नेतं. काम एकच, दिशा उलटी.

माळावरचा_आंबा
आम्ही आंब्याच्या फळमाशीसाठी लाकडाचे ठोकळे घरी भिजवतो. अल्कोहोल सहा भाग, मिथाइल युजेनॉल चार भाग, मॅलेथिऑन एक भाग. एक-दोन दिवस बुडवून ठेवायचं, झालं काम. रबराला तसंच अल्कोहोल चालेल की. हेक्झेन कुठून आणणार शेतकरी?

चंचुपात्र
नाही चालणार, आणि ह्यातच सगळी मेख आहे. लाकडाला सूक्ष्म नळ्या असतात, त्यात कुठलाही पातळ द्रव चढतो. रबराला नळ्या नाहीत, फुगल्याशिवाय त्यात वाट नाही. आणि रबर कुणाच्याही हाताला लागत नाही. तेलकट जातीच्या द्रवात फुगतं: हेक्झेन, टोल्युइन, डायक्लोरोमिथेन. अल्कोहोल पाण्याच्या गोतावळ्यातलं, रबराला ते परकं. अल्कोहोलमध्ये विरघळवून वाटीत घातलंत तर अल्कोहोल उडून जाईल आणि औषध वाटीच्या तळाला पापुद्र्यासारखं पडून राहील. पहिल्या एक-दोन दिवसांत भसाभस उडेल, मग सापळा रिकामा.

शिवाय मिथाइल युजेनॉल ठोकळ्यात भरपूर असतं, थोडं वाया गेलं तरी चालतं. इथं सगळं भांडवल एक मिलिग्रॅम.

सडेतोड
म्हणजे मूठभर रबर आणि चिमूटभर औषध. आणि पाकिटाची किंमत बघा. शेतकऱ्याला लुटायचे धंदे सगळे.

चंचुपात्र
किमतीबद्दल मी भांडणार नाही. पण तो रेणू स्वस्तात होत नाही. सोंड्याच्या मादीचा गंध कळला १९८६ मध्ये, अमेरिकेत. नाव वाचून दाखवते: झेड-३-डोडेसिनिल ई-२-ब्युटेनोएट. ह्यातली झेड आणि ई ही अक्षरं महत्त्वाची. रेणूतल्या दुहेरी बंधापाशी साखळी कुठल्या बाजूला वळली ते त्यावरून कळतं. वळण उलटं झालं की तो वेगळाच पदार्थ. कारखान्यात हे वळण हवं तसं आणायचं आणि नको ते वेगळं काढायचं, पैसा तिथं जातो.

अशा गंधाला फेरोमोन म्हणतात, तो शब्द निघाला १९५९ मध्ये. त्याच वर्षी बुटेनान्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानं पहिला असा गंध वेगळा काढला, रेशमाच्या पतंगाचा. त्यासाठी त्याला सुमारे पाच लाख पतंग लागले होते. म्हणजे तुमचं पाकीट त्या मानानं स्वस्तच!

उद्यमबाग_फिटर
मंडळी, मला झोप लागेना म्हणून प्रयोग केला. सायकलची जुनी लाल व्हॉलट्यूब घेतली वीतभर, साधं नैसर्गिक रबर. मेव्हण्याचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर वजन केलं: २.०४ ग्रॅम. दुकानामागच्या मोकळ्या जागेत झाकणाच्या बाटलीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी काढून पुसली तर वीतभराची दीड वीत झालेली, वजन ५.१ ग्रॅम. बोटानं दाबली तर जिलेबीसारखी लिबलिबीत, जरा ओढली की तुटेल अशी. तीन दिवस वाऱ्यावर वाळत टाकली. परत वीतभर झाली. आणि वजन किती भरावं? १.९३ ग्रॅम.

मेव्हणा म्हणतोय काटा बिघडला. काटा बिघडला म्हणून सोनार कबूल करतो का कधी? मी दोनदा मोजलं. ०.११ ग्रॅम गेलं कुठं? बाटलीतलं पेट्रोल पिवळट झालंय हे बघितलं.

गुरुजी_खानापूर
वा! ही वही-पेनाशिवाय घेतलेली सर्वोत्तम तासिका. मी हे शाळेत दाखवणार.

चंचुपात्र
फिटर दादा, तुम्ही नकळत प्रयोगशाळेतलं पहिलं काम करून दाखवलंत. काटा ठीक आहे. ते ०.११ ग्रॅम म्हणजे रबरातलं तेल, मेण आणि व्हल्कनायझेशनची, म्हणजे गुरुजींच्या त्या गंधकाच्या गाठी मारण्याची, उरलेली रसायनं. रबर फुगलं की वाट दोन्हीकडून उघडते. बाहेरचं आत जातं तसं आतलंही बाहेर येतं. म्हणून चांगल्या ठिकाणी कोऱ्या सेप्टा आधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून, धुऊन, वाळवून घेतात आणि मगच भरतात.

आकडे शेजारी ठेवून बघा. तुमच्या रबरातून मळ निघाला ११० मिलिग्रॅम. त्यात भरायचं औषध १ मिलिग्रॅम. न धुतलेल्या रबरात ते औषध कुणाच्या शेजारी जाऊन बसणार?

गुरुजी, शाळेत पेट्रोल नको. त्यात बेंझिन असतं आणि आगीचा धोका वेगळा. पोरांना दाखवायचंच तर फिटर दादांच्या आकड्यांचा तक्ता लावा.

निपाणीची_सून
आमच्याकडं पूर्वी तंबाखू, आता सोयाबीन. पण अळी तीच, तंबाखूची पानं खाणारी. तिच्या ल्यूर आम्हाला तीन-चार आठवड्यांत बदलायला सांगतात आणि खरंच त्यानंतर पतंग कमी येतात. ह्या मळामुळंच का?

चंचुपात्र
ताई, थोडं मळामुळं, थोडं उन्हामुळं, थोडं तुमच्या अळीच्या स्वभावामुळं. तिचा मुख्य गंध १९७३ मध्ये जपानमध्ये ओळखला गेला. त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध अगदी लगोलग आहेत, शेजारी शेजारी चिकटलेल्या घरांसारखे. अशी जोडी फार नाजूक. रबरातलं उरलेलं गंधक आणि सूर्यप्रकाश मिळून तिची वळणं उलटसुलट करून टाकतात, हवेतला ऑक्सिजन वेगळाच खातो. म्हणून भरतानाच द्रावणात थोडं अँटिऑक्सिडंट घालतात. तरी रबरात औषध शिल्लक असून पतंगाला ते ओळखू येत नाही अशी वेळ येतेच.

हरभऱ्याच्या घाटेअळीचं दुखणं निराळं. तिचा गंध अल्डिहाइड जातीचा, हवेनं त्याचं आम्ल होतं.

सोंड्याच्या रेणूत शेजारी घरांची तशी जोडी नाही. तो त्या मानानं दणकट.

वेलवाला
मॅडम, एवढं ऐकल्यावर आमच्या गटातला एक पोरगा तयार झालाय. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. म्हणतो हेक्झेन आणतो, पिपेट आणतो, गोठ्यात बसून भरतो. जुनी रबरं आहेतच. करू का?

चंचुपात्र
गोठ्यात? दादा, हात जोडते. हेक्झेनची वाफ उणे २२ अंशालासुद्धा ठिणगी मिळाली की पेटते. हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, गोठ्यातल्या बल्बच्या बटणाची ठिणगी पुरे. रोज हुंगत राहिलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. डायक्लोरोमिथेन पेटायला अवघड, पण ते ४० अंशाला उकळतं आणि दवाखान्यातले निळे हातमोजे काही मिनिटांत पार करून कातडीला लागतं. हवा ओढणारं कपाट नसेल तिथं हे करायचं नाही.

आणि समजा सुरक्षित जागा मिळाली. तरी जुन्या रबरात किती उरलंय, त्यातलं किती बिघडलंय, ते कसं कळणार? काट्यावर नाही कळत, दोन ग्रॅमच्या वजनात अर्धा मिलिग्रॅम कोण पकडणार. गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, मिश्रणात काय किती आहे ते वेगळं करून मोजणारं यंत्र. कोरं रबर हे ह्या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त सामान. ते वाचवून हाती काय लागणार?

माळावरचा_आंबा
मग औषधाच्या कुपीची रबरी बुचं? जनावरांच्या डॉक्टरांकडं ढीग असतो.

उद्यमबाग_फिटर
ती बहुतेक ब्युटाइल असतात, नैसर्गिक नव्हे. ब्युटाइल कशालाच लवकर आरपार जाऊ देत नाही. म्हणून तर ट्यूबमध्ये हवा टिकते.

चंचुपात्र
बरोबर. ब्युटाइल जातीच्या सेप्टाही वापरात आहेत, पण त्यातून गंध सुटायचा वेग वेगळा, त्यामुळं मात्रेचं सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं. शिवाय कुपीच्या बुचाला आधी लागलेलं औषध कुठलं ते देव जाणे.

निपाणीची_सून
मी धागा परत पहिल्यापासून वाचला. एक शंका आहे, हसू नका. वेलवाले भाऊजी, तुम्ही म्हणालात वापरून काढलेल्या रबरांच्या डब्यावर रात्री भुंगे आले होते.

रबरं संपली होती तर भुंगे कशाला आले?

गुरुजी_खानापूर
🙏

वेलवाला
च्यायला.

चंचुपात्र
मीही पहिल्याच पोस्टमध्ये वाचलं होतं आणि रसायनाच्या नादात पुढं गेले. ताई, शाब्बास.

रबरातून गंध सुटतो तो टाकीच्या नळासारखा नाही, की टाकी रिकामी होईपर्यंत एकसारखी धार आणि मग एकदम बंद. जेवढं शिल्लक असेल त्याच्या ठरावीक हिश्श्यानं सुटतो. समजा अर्धं औषध जायला दोन महिने लागतात. तर चार महिन्यांनी पाव, सहा महिन्यांनी दोन आणे शिल्लक. दोन महिने हा आकडा मी उदाहरणाला धरलाय, खरा आकडा रेणूच्या आकारावर आणि तापमानावर ठरतो. रेणूची साखळी दोन कार्बननं लांबली की वेग कितीतरी पटीनं कमी होतो. सोंड्याचा रेणू १६ कार्बनचा, चांगला जड. निपाणीच्या अळीचं ‘महिन्यात बदला’ दुकानदारानं तुमच्या सोंड्यालाही लावलं असावं.

अथणी_एक्सप्रेस
तापमानाचं खरं आहे. तुमच्याकडं बेळगावला पावसाळ्यात स्वेटर लागतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये चाळीस अंश. उसाच्या खोडकिडीची ल्यूर आमच्या बांधावर लवकर मरते. एकच पाकीट, एकच तारीख, पण अथणीचा महिना आणि उचगावचा महिना सारखा कसा होईल?

चंचुपात्र
अगदी. उष्णता वाढली की रबराचे दोरेही जास्त हलतात, गंधाची वाफही जास्त होते.

वेलवाले दादा, भरायचं विसरा, मोजायचं बघा. तीन घमेली. एकात पाकिटातली नवी ल्यूर, दुसऱ्यात डब्यातली जुनी, तिसऱ्यात नुसतं रबर. शेतात जमेल तेवढी लांब लांब ठेवा. रोज जागा बदला, नाहीतर बांधाजवळचं घमेलं उगाच जिंकेल. सहा रात्री केलंत तर प्रत्येक ल्यूर प्रत्येक जागी दोनदा येईल. नवी ल्यूर हाताळलेल्या बोटांनी कोऱ्या रबराला हात लावू नका, आधी कोरं टांगा. आणि जुनी किती जुनी ते सांगा.

वेलवाला
तारखा लिहिल्या नाहीत मॅडम. सगळी एकाच डब्यात. एवढंच सांगू शकतो की वरच्या थरातली ह्या पावसाळ्यात काढलेली, महिनाभर शेतात आणि महिनाभर डब्यात. तळातली गेल्या वर्षीची.

चंचुपात्र
वरची घ्या. आणि यापुढं प्रत्येक तारेला तारखेची चिठ्ठी.

उद्यमबाग_फिटर
कोरं रबर म्हणून माझी व्हॉलट्यूब न्या. धुतलेली आहे. मेव्हण्याच्या काट्यावर वजन झालेली व्हॉलट्यूब अख्ख्या बेळगावात एकच.

चंदगडी
आमच्याकडंही रताळी आहेत. सापळे ठीक, पण वेलाच्या बुडाला मातीची भर दिल्याशिवाय काही खरं नाही. पाऊस ओसरला की मातीला भेगा पडतात आणि सोंड्याची मादी त्यातूनच कंदापर्यंत जाते. ल्यूरला फक्त नर येतात. घमेलं भरलं म्हणून रताळं वाचलं असं समजू नका. एकदा किडलेलं रताळं जनावरंसुद्धा खात नाहीत, कडू विख होतं.

वेलवाला
भर दोनदा दिलीय अण्णा. बेणंही किडक्या रानातलं घेत नाही.

वेलवाला
सहा रात्री झाल्या. चौथ्या रात्री धो धो पाऊस, बांधाजवळचं घमेलं भरून वाहिलं, त्या दिवशीचं तिन्हीकडचं धरलं नाही, एक रात्र वाढवून घेतली. धाकटी पोरगी मोजायला होती. चाळणीत ओतून, चिमट्यानं एकेक.

नवी ल्यूर: १४३
जुनी ल्यूर: ८८
व्हॉलट्यूब: २

म्हणजे जी संपली म्हणून काढत होतो ती अजून निम्म्याहून जास्त काम करत्यात. गटाला सांगितलं तर दोघं जण रागानंच उठले, तीन वर्षं महिन्याला बदलतोय म्हणून. बी.एस्सी.वाला पोरगा हिरमुसला होता, त्याला आता वहीचं काम दिलंय. ह्या वेळच्या ल्यूर महिन्यानं काढायच्या नाहीत. दर आठवड्याला एका घमेल्यात नवी लावून बाकीच्यांशी ताडून बघायचं, जुनीचे भुंगे नवीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आले की बदलायचं. मॅडम, हा हिशेब चालेल का?

चंचुपात्र
चालेल. सीमा तिसरा हिस्सा ठेवायची का निम्मी ते शेतातलं नुकसान बघून ठरवा. तळातली गेल्या वर्षीचीही एक लावून बघा, मलाच उत्सुकता आहे. न उघडलेली पाकिटं आणि काढलेली रबरं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, थंड जागी. फ्रीज असेल तर उत्तम.

वेलवाला
फ्रीजचं नाव काढल्याबरोबर घरात महाभारत झालं. ‘किड्याचं सामान दुधाशेजारी?’ आता बरणी माठाच्या तिवईखाली वाळूत पुरलीय. पडवीतल्या डब्यावर आता कुणी येत नाही.

उद्यमबाग_फिटर
ते सगळं राहू दे. माझ्या व्हॉलट्यूबला दोन भुंगे आले ते कशाला?

निपाणीची_सून
पाणी प्यायला आले असतील हो दादा.